पोटॅशियम ५.६ : कीटोॲसिडोसिसच्या एका रुग्णाकडे पेशीच्या बाजूने पाहताना

दाखल होताना

मुलगा, वय १९ वर्षे, वजन ५० किलो. पाच वर्षांपासून टाइप १ मधुमेह. तीन दिवस ताप, दोन दिवसांपासून उलट्या. अन्न पोटात ठरत नाही म्हणून दीड दिवस इन्सुलिन घेतलेले नाही. जीभ कोरडी, नाडी मिनिटाला १२८, रक्तदाब ९६/६०. श्वास खोल आणि न थांबता चाललेला, मिनिटाला ३२. श्वासाला ॲसिटोनचा वास. पोटात दुखते. प्रश्नांना नीट उत्तरे देतो, पण प्रत्येक उत्तरानंतर डोळे मिटतो.

पहिल्या तपासणीत रक्तशर्करा ५४० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पीएच ७.१२, कार्बन डायऑक्साइडचा दाब १६, बायकार्बोनेट ५, सोडियम १३४, क्लोराइड १०३, पोटॅशियम ५.६ मिलिमोल प्रति लिटर. रक्तातले बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, म्हणजे चरबीपासून बनणारे एक कीटो-आम्ल, ८; निरोगी माणसात ते अर्ध्याच्या आत असते. निदानात शंका नव्हती: मधुमेही कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात कीटो-आम्ले साचणे, तेही तीव्र स्वरूपाचे.

ही नोंद कोणा एका व्यक्तीची नाही. अशा रुग्णांत जे क्रमाने घडते आणि जे आकडे नेहमी समोर येतात, ते एकत्र घेऊन हे प्रकरण अभ्यासासाठी उभे केले आहे. यातल्या एका आकड्यावर मला विशेष बोलायचे आहे, तो म्हणजे पोटॅशियमचा ५.६. साधारण ३.५ ते ५ ही निरोगी मर्यादा धरली तर हा आकडा जास्त आहे, आणि या मुलाच्या शरीरात त्या क्षणी पोटॅशियमची मोठी तूट आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या एकत्र कशा खऱ्या असू शकतात, हे ज्याला उमगले त्याला पेशी कशी चालते याचा गाभा उमगला असे मी मानतो.

५० किलोच्या तरुणाच्या अंगात सुमारे ३० लिटर पाणी असते. त्यातले २० लिटर पेशींच्या आत आणि १० लिटर बाहेर. बाहेरच्या दहातले जेमतेम अडीच ते तीन लिटर रक्तद्रव म्हणून वाहिन्यांत फिरते, आणि प्रयोगशाळा मोजते ते तेवढेच. वर दिलेले सगळे आकडे पेशींच्या बाहेरचे आहेत. आजार मात्र पेशीपटलाच्या दोन्ही बाजूंना आहे, आणि उपचार बहुतांशी आत काय घडते त्यावर ठरतात. म्हणून या प्रकरणातल्या प्रत्येक आकड्याला मी एकच प्रश्न विचारणार आहे: तू पटलाच्या कुठल्या बाजूचा, आणि दुसऱ्या बाजूला या घडीला काय चालले आहे?

संदेश थांबला तेव्हा

आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे, कारण तो प्रत्येक घरात विचारला जातो: “काही खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला?” प्रश्न तर्काला धरून आहे. इन्सुलिन म्हणजे जेवणातली साखर जिरवणारे औषध असे समजले की तो विचारलाच जाणार. पण शरीर इन्सुलिनकडे औषध म्हणून पाहत नाही. त्याच्या लेखी तो संदेश आहे, आणि उपाशीपोटीही त्या संदेशाची एक मंद पातळी अखंड लागते.

निरोगी स्वादुपिंडात हा संदेश कसा निघतो ते पाहण्यासारखे आहे. बीटा पेशीत ग्लुकोज शिरते, त्याचे विघटन होते आणि पेशीला ऊर्जा पुरवणारे एटीपी वाढते. एटीपी वाढले की पटलातली एका विशिष्ट जातीची पोटॅशियम वाहिनी बंद होते. पोटॅशियमचे बाहेर झिरपणे थांबल्याने पटलावरचा विद्युतभार बदलतो, त्या बदलाने कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या पटलाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. रक्तात साखर किती आहे, याचा अंदाज ही पेशी ती साखर स्वतः वापरून घेते. या मुलाच्या शरीरात या पेशी त्याच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केल्या आहेत, त्यामुळे संदेश बाहेरून टोचावा लागतो. दीड दिवस तो टोचला गेला नाही.

इन्सुलिन ही पेशीचे दार उघडणारी किल्ली, ही उपमा सगळीकडे वापरली जाते. सुरुवातीला तिचा उपयोग होतो, हे मान्य. पण या रुग्णाच्या खाटेजवळ ती अपुरी पडते. इन्सुलिन स्नायूपेशीच्या आत जाऊन काही उघडत नाही. ५१ अमिनो आम्लांचा तो रेणू पटलाबाहेर डोकावणाऱ्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, बाहेरूनच चिकटतो. ग्राहीचा आतला भाग हे एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे. ते जागे होते, स्वतःवर आणि शेजारच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवते, आणि ही साखळी पुढे पुढे जात शेवटी पेशीच्या पोटात राखीव असलेल्या पिशव्यांपर्यंत पोचते. त्या पिशव्यांच्या भिंतीत ग्लुटफोर नावाची वहन प्रथिने बसवलेली असतात. संदेश आला की पिशव्या पटलाकडे सरकतात, त्यात मिसळतात, आणि ग्लुकोज वाहून नेणारी प्रथिने काही मिनिटांत पटलावर वाढतात. संदेश ओसरला की ती पुन्हा आत ओढली जातात.

ही व्यवस्था स्नायू आणि मेदाच्या पेशींची. मेंदू, तांबड्या पेशी, यकृत यांना ग्लुकोज आत घेण्यासाठी ग्लुटफोर लागत नाही. त्यांची वहन प्रथिने पटलावर कायम असतात. म्हणूनच या मुलाचा मेंदू साखरेअभावी उपाशी नाही. तो सुस्त आहे याची कारणे वेगळी: आम्लता, आणि पाण्याचे पटलापार झालेले स्थलांतर.

पाचशे चाळीस कुठून आले

दोन दिवस अन्न नाही, तरी शर्करा ५४०. ही साखर जेवणातली नाही हे उघड आहे. ती यकृताने तयार केली.

यकृताच्या पेशीला दोन परस्परविरोधी संदेश मिळत असतात. इन्सुलिन सांगते, साठवा. ग्लुकागॉन आणि ॲड्रेनलिन सांगतात, बाहेर सोडा. ताप, उलट्या आणि पाण्याची कमतरता यांत ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही सगळी संप्रेरके वाढतात, म्हणजे आजारपणात इन्सुलिनची गरज कमी न होता उलट वाढते. ग्लुकागॉन यकृतपेशीच्या ग्राहीला चिकटले की पटलाच्या आतल्या बाजूचे जी प्रथिन जागे होते, ते एका विकराला चेतवते आणि ते विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवू लागते. हा छोटा रेणू पेशीच्या आतला संदेशवाहक. तो वाढला की ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेले ग्लुकोज, फुटते आणि अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज बनू लागते. बाहेरचा संदेश पेशीत न शिरताही आत कसा पोचतो, हे कोडे अर्ल सदरलँड यांनी याच यकृतपेशींवर काम करताना सोडवले, आणि त्यासाठी १९७१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

समोरून विरोध करणारे इन्सुलिन नसल्याने यकृत थांबत नाही. रक्तात ग्लुकोज चढत जाते. मूत्रपिंडात रक्त गाळले गेल्यावर बारीक नलिकांच्या पेशी गाळातले ग्लुकोज परत घेतात. सोडियम आत ओढले जाते त्या जोरावर ग्लुकोजलाही आत आणणारी प्रथिने तिथे असतात. त्यांची संख्या ठरलेली, म्हणून क्षमताही ठरलेली. शर्करा साधारण १८० च्या वर गेली की त्यांना सगळे ग्लुकोज परत घेता येत नाही, उरलेले लघवीत जाते आणि सोबत पाणी, सोडियम, पोटॅशियम घेऊन जाते. कोरडी जीभ आणि ९६ चा रक्तदाब इथून आले.

पाणी पेशींतूनही निघते. ग्लुकोज पटलाबाहेर साचले की परासरणाने पाणी पेशींतून त्याच्याकडे येते, बाहेरचा द्रव पातळ होतो आणि सोडियम मोजताना कमी भरते. शर्करेच्या प्रत्येक जादा १०० मागे सोडियम सुमारे १.६ ने उतरते. या मुलाचे १३४ त्या हिशेबाने १४१ धरायला हवे. आकडा सोडियमचा असला तरी तो सांगतो आहे पेशींतून किती पाणी निघाले ते.

आम्ल कुठून आले

इथे मेदाच्या पेशीकडे जावे लागते, आणि माझ्या मते या आजाराचे खरे केंद्र तिथेच आहे. ग्लुकोज वाढल्याने माणूस सहसा तासांत दगावत नाही, आम्लाने दगावू शकतो.

मेदपेशीत चरबी फोडणारे विकर सायक्लिक एएमपीच्या ताब्यात असते. इन्सुलिनचे तिथले काम हे की तो सायक्लिक एएमपी मोडून काढायचा आणि विकर निजलेले ठेवायचे. या कामाला इन्सुलिन फारच थोडे पुरते. स्नायूंत ग्लुकोज ढकलायला लागते त्याहून पुष्कळ कमी. टाइप २ मधुमेहात शर्करा कितीही चढली तरी कीटोॲसिडोसिस सहसा होत नाही, त्याचे कारण हेच. थोडेसे उरलेले इन्सुलिनही मेदपेशीला आवरून धरते. या मुलाकडे तेवढेही नव्हते.

चरबी फुटते, मेदाम्ले यकृतात येतात. यकृतपेशीत ती तंतुकणिकांच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांच्या, आत न्यायला कार्निटिनवर आधारलेली वहनव्यवस्था असते. एरवी ती आवरलेली असते, इन्सुलिन नसताना आणि ग्लुकागॉन जोरात असताना ती मोकळी सुटते. आत गेलेल्या मेदाम्लांचे तुकडे इतके होतात की नेहमीच्या चक्रात मावत नाहीत, आणि यकृत त्यांपासून ॲसिटोॲसिटेट व बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट बनवून रक्तात सोडते. यकृताला स्वतःला हे इंधन वापरता येत नाही, कारण त्यासाठी लागणारे विकरच त्याच्याकडे नसते. हृदय आणि मेंदू वापरतात. उपासमारीत हीच सोय माणसाला जगवते. इथे तिला लगाम नाही, एवढाच फरक.

या प्रत्येक आम्लासोबत एक हायड्रोजन आयन सुटतो. बायकार्बोनेट त्याला झेलत झेलत ५ वर आले आहे. त्यातून बनणारा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकत आहेत, म्हणून त्याचा दाब १६, म्हणून तो खोल श्वास. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केले तर २६ उरतात. या फरकाला ॲनायन गॅप म्हणतात आणि साधारण १२ पर्यंत तो ठीक मानतात. वरचे १४ म्हणजे रक्तात फिरणारी कीटो-आम्ले.

लघवीतल्या कीटोनच्या पट्टीबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. ती पट्टी ॲसिटोॲसिटेट ओळखते, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ओळखत नाही. तीव्र अवस्थेत दुसरे जास्त असते. उपचार सुरू झाले की दुसऱ्याचे पहिल्यात रूपांतर होते आणि रुग्ण सुधारत असताना पट्टी अधिक गडद येते. ते पाहून घाबरून उपचार बदलले जातात. रक्तातले बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट मोजता येत असेल तर पट्टीवर विसंबू नये.

५.६ चा अर्थ

आता पोटॅशियम. हिशेब आधी मांडतो.

पेशीच्या आत पोटॅशियमची पातळी सुमारे १४०, बाहेर ४. आतले २० लिटर गुणिले १४० म्हणजे २८०० मिलिमोल. बाहेरचे १० लिटर गुणिले ४ म्हणजे ४०. शरीरातल्या एकूण पोटॅशियमचा दीड-दोन टक्के हिस्सा बाहेर आणि बाकी सगळे आत. रक्ततपासणी त्या दीड-दोन टक्क्यांबद्दल बोलते.

ही विषमता आपोआप टिकत नाही. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप एक एटीपी खर्चून तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, आणि हे काम तो जन्मभर थांबवत नाही. विश्रांतीत शरीर जी ऊर्जा वापरते तिचा सुमारे पाचवा हिस्सा या एका पंपावर जातो. डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला. त्यांना नोबेल मिळायला १९९७ उजाडले.

इन्सुलिन या पंपाचा वेग वाढवते. शर्करेच्या चर्चेत त्याचे हे काम मागे पडते, पण या रुग्णापुरते ते शर्करेइतकेच महत्त्वाचे आहे. इन्सुलिन नाही म्हणून पंप मंद. त्यात बाहेरच्या साखरेने पेशीतले पाणी ओढले, आतला द्रव घट्ट झाला आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही बाहेर आले. आम्लतेचाही थोडा वाटा आहे. हायड्रोजन आत जातो आणि पोटॅशियम बाहेर येते, हे पाठ्यपुस्तकातले साधे उत्तर कीटो-आम्लांच्या बाबतीत पूर्ण लागू पडत नाही, कारण या आम्लांचे ऋण आयनही हायड्रोजनच्या सोबत पेशीत शिरू शकतात. इन्सुलिनचा अभाव आणि घट्टपणा ही दोन कारणे मी जास्त वजनाची मानतो.

बाहेर आलेले पोटॅशियम बाहेर साचून राहत नाही. मूत्रपिंड ते टाकून देते, आणि हेही संदेशामुळेच. शरीरातले पाणी घटल्याने ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेले असते. ते मूत्रपिंडाच्या पेशींना सांगते, सोडियम वाचवा, आणि सोडियम वाचवताना त्या पेशी पोटॅशियम सोडतात. लघवीतून जाणाऱ्या ग्लुकोजमुळे नलिकांतला प्रवाह वाढलेला असतो, कीटो-आम्लांचे ऋण आयन धन आयनांना सोबत नेतात, आणि उलट्यांमुळे ही गळती आणखी वाढते. अशा रुग्णात एकूण तूट वजनाच्या दर किलोमागे ३ ते ५ मिलिमोल धरतात, म्हणजे या मुलात १५० ते २५०. बाहेरच्या सगळ्या द्रवात मिळून जेवढे पोटॅशियम असते त्याच्या कित्येक पट पोटॅशियम त्याने गमावले आहे, आणि तपासणी ५.६ सांगते.

हृदयासाठी हा आकडा काय अर्थाचा, तेही पाहू. स्नायूपेशीच्या पटलावरचा विद्युतभार मुख्यतः पोटॅशियमच्या आत-बाहेरच्या गुणोत्तरावर ठरतो. आत १४० आणि बाहेर ४ असताना पोटॅशियमचे समतोल विभव (ज्या विद्युतदाबाला त्याची आत-बाहेर ये-जा सारखी होते) सुमारे उणे ९५ मिलिव्होल्ट येते. बाहेर ५.६ झाले तर उणे ८६ च्या आसपास. बाहेर २.५ वर घसरले तर उणे १०७. आत-बाहेरच्या २८४० मधल्या चाळीस-पन्नास मिलिमोलांची हलवाहलव हृदयाच्या ठोक्याचा पाया सरकवू शकते. या मुलाच्या ईसीजीवर टी लहरी किंचित उंच होत्या, लय नियमित होती. इन्सुलिन मिळाल्यावर पुढचा धोका उलट्या दिशेने येणार होता.

हे वैद्यकाला फार उशिरा कळले. ११ जानेवारी १९२२ ला टोरँटोत लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्या अर्काचा परिणाम तोकडा होता. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला आणि तो लागू पडला. त्यानंतर कीटोॲसिडोसिसमधून माणसे वाचू लागली, पण काही जण शर्करा उतरल्यावर, सुधारत असताना अचानक गेले. १९४६ मध्ये जे. डब्ल्यू. हॉलर यांनी उपचारादरम्यान पोटॅशियम घसरून श्वासाचे स्नायू लुळे पडल्याची नोंद प्रसिद्ध केली. इन्सुलिन पोटॅशियमला आत घेऊन जात होते आणि बाहेर काही उरत नव्हते. दोन घटनांमध्ये चोवीस वर्षे गेली. संदेश हाती होता, पण त्या संदेशाने पेशी काय काय करतात याची यादी अपुरी होती.

पहिले सहा तास

पहिल्या तासात सलाईन एक लिटर, फक्त ०.९ टक्के मिठाचे. पोटॅशियम ५.६ म्हणून त्यात पोटॅशियम घातले नाही, आणि लघवी होते आहे याची खात्री होईपर्यंत घालायचेही नव्हते. हे पाणी पेशींबाहेरच्या जागेत राहते, रक्तदाब सावरते आणि मूत्रपिंडाकडे रक्त पुन्हा नीट पोचू लागते. नुसत्या या लिटरने शर्करा ४६० वर आली. इन्सुलिनचा एक थेंबही त्यात नव्हता. पातळ झाल्याने आणि लघवीतून गेल्याने ती उतरली. ताण देणारी संप्रेरकेही पाण्याने निवळू लागतात.

मग इन्सुलिनचे ठिबक, तासाला ५ युनिट, म्हणजे किलोमागे ०.१. पूर्वी यापेक्षा पुष्कळ मोठ्या मात्रा देत. १९७० च्या दशकात कमी मात्रेने काम तितकेच होते आणि पोटॅशियम कमी घसरते हे दिसून आले. पेशीच्या बाजूने ते स्वाभाविक आहे. संदेशाचे काम ग्राही भरल्यावर पूर्ण होते, त्यापुढे ओतलेले इन्सुलिन परिणाम फारसा वाढवत नाही.

ठिबक लावण्यापूर्वी पोटॅशियमचा आकडा हातात असणे ही अट आहे, आणि ती कधीही सोडू नये. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीप्रमाणे पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम द्यायचे, इन्सुलिन थांबवून ठेवायचे. शर्करा ५४० असताना इन्सुलिन रोखून धरायला मन घट्ट करावे लागते. पण ५४० ची शर्करा तासभर सोसता येते, थांबलेले हृदय नाही.

दोन तासांनी पोटॅशियम ४.६. लघवी होत होती. दर लिटर सलाईनमध्ये २० मिलिमोल पोटॅशियम सुरू केले. चार तासांनी शर्करा २७०, पीएच ७.२०, ॲनायन गॅप २०, पोटॅशियम ३.६. चार तासांत दोन मिलिमोलची घसरण, तीही पोटॅशियम देत असताना. पंप जागे झाले होते. पोटॅशियमचा वेग वाढवला, ईसीजी सतत नजरेसमोर ठेवला. सहाव्या तासाला ३.८.

चौथ्या तासाचा दुसरा निर्णय नातेवाइकांना हमखास चक्रावून टाकतो. शर्करा २७० वर आल्याबरोबर सलाईनमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, घातले आणि इन्सुलिन चालू ठेवले. मधुमेहाच्या रुग्णाला साखर? हो. शर्करा उतरली, पण ॲनायन गॅप अजून २० आहे, म्हणजे मेदपेशी आणि यकृत अजून पुरते शांत झालेले नाहीत. त्यांना गप्प करायला इन्सुलिनचा संदेश चालू राहायला हवा, आणि तो चालू ठेवायचा तर शर्करा फार खाली जाऊ नये म्हणून साखर पुरवायला हवी. इथे इन्सुलिन कशासाठी दिले जाते आहे, हे ज्याच्या लक्षात राहत नाही तो शर्करा पाहून ठिबक मंद करतो आणि कीटोन पुन्हा चढतात.

बायकार्बोनेट दिले नाही. ७.१२ हा आकडा पाहून आम्ल मारण्यासाठी ते देण्याचा मोह होतो. पण बायकार्बोनेट आयन पटलातून सहज आत जात नाही. ते बाहेर हायड्रोजनशी जुळते, कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो मात्र पटल सहज ओलांडतो. बाहेरचा पीएच सुधारतो आणि आत पेशी आणखी आम्लधर्मी होऊ शकते. पोटॅशियमही घसरते. म्हणून पीएच ७.० च्या खाली गेल्याशिवाय ते देत नाहीत.

मेंदूकडेही लक्ष होते. मुलांत आणि कोवळ्या वयात उपचारादरम्यान मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. मुलांत तो शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण आला तर जिवावर बेततो. सलाईन जलद दिल्याने असे होते, अशी भीती अनेक वर्षे होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या १३ केंद्रांतला, मुलांतल्या १३८९ प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सलाईनचा वेग किंवा त्यातले मिठाचे प्रमाण यांनी मेंदूवरच्या परिणामांत फरक पडलेला दिसला नाही. तरीही डोकेदुखी, गुंगी वाढणे, नाडी मंदावणे यांची तासातासाला नोंद ठेवली. या मुलात तसे काही झाले नाही. पाचव्या तासाला त्याने पाणी मागितले.

ठिबक थांबवताना

चौदाव्या तासाला ॲनायन गॅप १२, पीएच ७.३३, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट ०.५. बायकार्बोनेट मात्र १८ वरच अडकले होते. कीटो-आम्लांचे काही ऋण आयन आधीच लघवीतून निघून गेले होते. ते शरीरात असते तर जळून त्यांचे बायकार्बोनेट झाले असते. त्यांची जागा सलाईनमधल्या क्लोराइडने घेतली. ही आम्लता मूत्रपिंड एक-दोन दिवसांत स्वतः निस्तरते. तिच्यासाठी ठिबक लांबवायचे नसते.

मुलगा जेवू लागला तेव्हा दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनचे इंजेक्शन त्वचेखाली दिले, आणि त्यानंतर दोन तास ठिबक सोबत चालू ठेवले. शिरेतून दिलेले इन्सुलिन रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते. त्वचेखालचे रक्तात यायला वेळ लागतो. मधला वेळ मोकळा सुटला तर मेदपेशीतले सायक्लिक एएमपी पुन्हा वाढू लागते. मेदपेशी तासाभराच्या खंडाचीही दखल घेते. ज्या रुग्णांचा गॅप मिटून दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडतो, त्यांच्या कागदांत बहुधा हा दोन तासांचा जोड राहून गेलेला असतो.

पोटॅशियम ४.१ होते. तरी गोळ्या चालू ठेवल्या, कारण १५० ते २५० ची तूट चौदा तासांत भरलेली नव्हती. पेशी अजून आत ओढून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, गोळ्या चालू असूनही, ३.७ आले. मॅग्नेशियमही तपासले, कारण ते कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही आणि दिलेले लघवीतून निघून जाते. ते ठीक होते. गोळ्यांची मात्रा वाढवली, आणि पुढची तपासणी चोवीस तासांऐवजी बारा तासांनी ठेवली.